साऱ्यांना एकच माप

हातभर दोरीवर अनंत ठिपके मारले तर ते कुठेतरी दाटी करणारच; दोरी मर्यादित, ठिपके अमर्याद. बोल्झानो आणि वायरश्ट्रास यांच्या नावाने हा सिद्धांत पदवीच्या वर्गात शिकवतात. आता ठिपक्यांच्या जागी आलेख घेऊ. एकाच चौकोनात अनंत अखंड आलेख काढले, तर त्यांच्याही दाटीतून एक अखंड आलेख हाती लागेल का?

लागेलच असे नाही. शून्यापासून एकपर्यंत क्ष चा वर्ग, घन, चौथा घात अशी रांग पाहा. क्ष ०.९९ असताना दहाव्या घाताची किंमत सुमारे ०.९०, शंभराव्याची ०.३७, हजाराव्याची ०.००००४. क्ष १ झाला की मात्र किंमत कायम १. म्हणजे अंतिम आलेख जमिनीलगत येतो आणि शेवटच्या बिंदूला एकदम उडी मारतो. तो तुटला!

क्ष थोडा बदलला तर किंमतही थोडीच बदलते, हे सांतत्य. रांगेतला प्रत्येक आलेख ते पाळतो; पण ‘थोडा’ म्हणजे किती, हे माप प्रत्येकाचे निराळे, आणि एकजवळ ते शून्याकडे घसरत जाते. इटलीच्या ज्युलिओ आस्कोली यांनी १८८४ च्या सुमारास अट घातली की साऱ्या आलेखांना माप एकच हवे. हेच समसांतत्य. चेझारे आर्झेला यांनी १८९५ मध्ये सिद्धांताला पूर्ण रूप दिले: उंची मर्यादित आणि सांतत्याचे माप सामाईक असेल, तर अशा अनंत आलेखांतून एका अखंड आलेखाकडे सर्वत्र सारख्याच प्रमाणात सरकणारी रांग निवडता येते. गणिती याला संहतता म्हणतात.

याचा उपयोग काय? डिफरन्शियल इक्वेशनचे उत्तर ऑयलरच्या रीतीने छोट्या सरळ तुकड्यांनी अंदाजे काढतात. तुकडे लहान करत गेले तर खरे उत्तर मिळते का? समीकरणातला दर संतत असेल, तर साऱ्या मोडक्या रेषांच्या चढाला एकच मर्यादा घालता येते. म्हणून माप सामाईक, म्हणून त्यांतून निवडलेली रांग खऱ्या उत्तराकडे जाते. उत्तर असतेच, हे पेआनो यांनी १८९० मध्ये सिद्ध केले होते. आज पुस्तकांत त्याची सिद्धता बहुधा याच वाटेने देतात.

मात्र उत्तर एकच असेल, ही हमी नाही. ‘य चा दर म्हणजे य च्या घनमुळाच्या वर्गाची तिप्पट’ हे समीकरण शून्यापासून सोडवा. य कायम शून्य, हे एक उत्तर. य म्हणजे क्ष चा घन, हे दुसरे. दोन्ही पडताळून पाहा.