हजेरीचा पहिला हिशेब विद्यापीठाने द्यावा

सत्र संपत आले की विद्यापीठांच्या विभागांत याद्या लागतात. ज्यांची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली, त्यांना परीक्षेला बसता येणार नाही. वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या आसपास, फतेगंज, निझामपुरा आणि समा या भागांत खोल्या घेऊन राहणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ही धास्ती चांगली ठाऊक असते, आणि देशातल्या बहुतेक विद्यापीठांत चित्र असेच आहे. वर्गाला यावे, नियमित यावे, या अपेक्षेबद्दल माझा वाद नाही. आक्षेप आहे तो तिच्या अंमलाच्या पद्धतीला. पदव्युत्तर पातळीवर सगळ्या विषयांना एकच टक्केवारी लावायची, सत्रभर तिच्याकडे पाहायचे नाही आणि शेवटी ती परीक्षेच्या दारावरचे कुलूप म्हणून वापरायची, ही पद्धत शिक्षणाच्या उपयोगाची नाही. ती एकतर्फीही आहे. विद्यार्थी किती तास आला याचा हिशेब ती काटेकोर ठेवते. विद्यापीठाने किती तास शिकवले, याचा ठेवत नाही.

सक्ती आणि शिक्षण यांचे नाते या शहराला नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या मोजक्या गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे संस्थानाला लागू केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद त्यात होती. हजेरीच्या सक्तीचे समर्थक या इतिहासाचा दाखला देऊ शकतात, पण तो पुरता द्यायला हवा. अमरेलीचा प्रयोग आणि संस्थानभरचा कायदा यांमध्ये तेरा वर्षे गेली. सक्तीच्या बरोबरीने शिक्षण मोफत झाले, शाळा वाढवल्या गेल्या, पुढे गावोगावी वाचनालये उभी राहिली. आधी राज्याने स्वतःवर बंधन घालून घेतले, मग प्रजेवर घातले. शिवाय ती सक्ती लहान मुलांसाठी होती. शाळेत जायचे की नाही हे मूल स्वतः ठरवू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने कायद्याने पालकाला बांधले. एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम.चा विद्यार्थी विशीच्या पुढचा असतो. तो मतदान करतो, नोकरी करतो, काही जण संसारही करतात. विषय त्याने स्वतः निवडलेला असतो. लहान मुलासाठी न्याय्य असलेली सक्ती त्याला जशीच्या तशी लावायची, तर तिचे वेगळे कारण द्यावे लागते.

हे कारण सहसा असे दिले जाते की वर्गाला येणारे विद्यार्थी चांगले शिकतात. ते खरे आहे आणि त्याला पुरावाही आहे. डेव्हिड रोमर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात दाखवले की तिथल्या नावाजलेल्या विद्यापीठांतही अर्थशास्त्राच्या वर्गांत साधारण एक तृतीयांश विद्यार्थी गैरहजर असत, आणि नियमित येणाऱ्यांची कामगिरी स्पष्टपणे सरस होती. पुढे २०१० मध्ये मार्कस क्रेदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. हजेरी आणि गुण यांचा संबंध त्यांनाही भक्कम आढळला. मात्र त्याच विश्लेषणाचा दुसरा निष्कर्ष आपल्याकडे क्वचित सांगितला जातो: हजेरी सक्तीची केल्याने गुणांमध्ये सरासरी जी भर पडते, ती लहान असते. म्हणजे वर्गाला येणे फायद्याचे आहे, पण धाकाने आणून बसवल्यास त्या फायद्याचा थोडाच भाग हाती लागतो. नियमित येणाऱ्याला विषयाची ओढ असते, घरची परिस्थिती साथ देत असते, शिक्षकावर त्याचा विश्वास असतो, आणि त्याच्या यशात या सगळ्यांचा वाटा असतो. टक्केवारीच्या नियमाने यांतले काहीच निर्माण होत नाही. हजेरीपटावरची सही मात्र निर्माण होते, आणि ती मित्रही करू शकतो.

आता हिशेबाकडे वळू. श्रेयांक पद्धतीत तासिकेच्या विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, त्यामुळे चार श्रेयांकांचा विषय ६० तासांचा. प्रवेशप्रक्रिया लांबली, शिक्षकाची जागा रिकामी राहिली, निवडणुकीची किंवा परीक्षेची कामे आली, आणि प्रत्यक्षात ३५ तासच झाले असे समजा. त्या ३५ पैकी २५ तासांना आलेल्या विद्यार्थ्याची हजेरी ७१ टक्के भरते आणि त्याचे नाव यादीत लागते. विभागाने कबूल केलेल्या ६० तासांपैकी ३५ तास घेतले, म्हणजे विभागाची हजेरी ५८ टक्के. तिच्यासाठी कोणतीही यादी लागत नाही. हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातली विसंगती नियमातच आहे, कारण हजेरीची टक्केवारी झालेल्या तासांवर काढली जाते, ठरलेल्या तासांवर नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण शिक्षकांच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. तरीही सार्वजनिक विद्यापीठांतले कितीतरी पदव्युत्तर विभाग हंगामी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर चालतात. जी व्यवस्था आपल्यावरचे बंधन सैल धरते, तिने विद्यार्थ्यावरचे बंधन एकेका टक्क्याने मोजणे न्यायाला धरून नाही.

मग हजेरीला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि काही ठिकाणी तर ती शिक्षणापासून वेगळी काढताच येत नाही. वडोदऱ्याच्या ललित कला शाखेचेच पाहा. १९५० मध्ये ती सुरू झाली आणि ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी यांच्यासारख्यांनी ती घडवली. तिथले शिक्षण स्टुडिओत होते. हाताने काम करायचे, शेजारच्याचे पाहायचे, शिक्षकाने केलेली टीका ऐकून पुन्हा काम करायचे. हे घरी बसून होणारे नाही. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, रुग्णालयातली निवासी डॉक्टरची पाळी, आठ जणांचे चर्चासत्र यांनाही हेच लागू पडते. चर्चासत्रात एक जण न आला तर बाकी सातांचे नुकसान होते. नियामक संस्थांनाही हा भेद कळतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांत बी.एड.साठी वर्गातल्या अभ्यासक्रमाला ८० टक्के, तर शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवाला ९० टक्के हजेरी सांगितली आहे. आकड्यांवर मतभेद असू शकतात, पण कामाच्या स्वरूपाप्रमाणे हजेरीची अपेक्षा बदलावी हे तत्त्व योग्य आहे. शंभर जणांच्या सभागृहात वाचून दाखवलेल्या टिपणांना आणि मातीत हात घालून केलेल्या शिल्पाला एकच पट्टी लावणे चूक आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ पासून स्वतःच्या वेगळ्या कायद्यावर चालत होते. २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने ते राज्यातल्या इतर विद्यापीठांबरोबर एका छत्राखाली आले. कायदा एक झाला म्हणून शाखाशाखांतला हा फरक पुसला जाऊ नये, याची काळजी आताच घ्यायला हवी.

गैरहजेरीच्या कारणांकडेही नीट पाहिले पाहिजे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा समासह शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले. ज्याच्या खोलीत पाणी होते, त्याच्या त्या दिवसांच्या खाड्यांची कारणे वेगळी विचारायला नकोत. समा-सावली रस्ता पुढे मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीकडे जातो. पाळीची नोकरी करून शिकू पाहणाऱ्या तरुणाला सकाळचे आठचे व्याख्यान आणि रात्रपाळी यांचा मेळ बसवताना किती ओढाताण होते, हे सांगायला नको. छोटा उदेपूरकडून रोज ये-जा करणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याचा दिवस गाडीच्या वेळापत्रकावर चालतो. लग्न झालेल्या मुलींचा प्रश्न त्याहून कठीण आहे. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना मातृत्व आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देण्याची तरतूद आयोगाच्या नियमांत आहे. एम.ए., एम.एड. करणारीला मात्र ती आपसूक मिळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने विद्यापीठांना आपापले नियम करायला सांगितले, एवढेच. २०२३ मध्ये मेरठच्या विद्यापीठातल्या एका एम.एड. विद्यार्थिनीला यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. शिक्षण आणि मातृत्व यांतले एकच निवडायची वेळ स्त्रीवर आणता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्याच वर्षी जानेवारीत केरळ सरकारने आपल्या विद्यापीठांत मासिक पाळीचा विचार करून विद्यार्थिनींसाठी हजेरीची अट ७५ वरून ७३ टक्क्यांवर आणली आणि प्रसूतीसाठी ६० दिवसांपर्यंत रजा दिली. जे एका राज्याला आदेश काढून करता आले, त्यासाठी इतरत्र मुलींना विभागप्रमुखाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागू नये.

परीक्षेला मज्जाव करण्याची शिक्षा किती दूरवर जाऊ शकते, हे २०१६ मध्ये दिल्लीत दिसले. हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न दिलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली. सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली, पुढे ते प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयाकडे गेले आणि ३ नोव्हेंबर २०२५ रोजी निकाल आला. केवळ हजेरीअभावी कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून रोखू नये, हजेरीची माहिती दर आठवड्याला त्याला कळवावी, कमी पडत असेल तर जादा वर्ग घ्यावेत आणि दंड करायचाच तर तो गुणांमधल्या मर्यादित कपातीचा असावा, असा त्याचा आशय आहे. निकाल कायदा शिक्षणापुरता आहे. त्यातला विचार मात्र कोणत्याही पदव्युत्तर विभागाला लागू पडतो: हजेरीची नोंद ही विद्यार्थ्याला वेळेवर सावध करण्यासाठी असावी. सोळाव्या आठवड्याला कळलेली टक्केवारी कुणाला वाचवू शकत नाही, चौथ्या आठवड्याला कळलेली वाचवू शकते. त्या आठवड्यात शिक्षकाने विद्यार्थ्याला बोलावून 'का येत नाहीस?' एवढे विचारले, तरी आजारपण, पैशांची अडचण, विषय न झेपणे किंवा मनाचे खचणे यांतले काय आहे ते समजू शकते.

यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे. परीक्षेची भीती काढली तर वर्ग ओस पडतील, मुले खोलीवर बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करतील आणि वसतिगृह, शिष्यवृत्ती, ग्रंथालय मात्र वापरतील, असे अनेक प्राध्यापक म्हणतात. हे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. पण सहीच्या नियमाने तरी ते कुठे थांबले आहे? ज्याला शिकायचे नाही त्याला अडवायचे असेल तर दर पंधरवड्याला लेखी काम द्यावे, ते तपासून परत करावे, तोंडी प्रश्न विचारावेत आणि या सगळ्याला अंतर्गत मूल्यमापनात खरे वजन द्यावे. सही दुसरा करू शकतो. प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागते. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीही या प्रगतीशी जोडता येतील. हे शिक्षकाला जास्त कष्टाचे आहे, आणि म्हणूनच जागा भरणे हा हजेरीच्या प्रश्नाचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप नियमित येणाऱ्यांच्या बाजूने घेतला जातो. पाऊस, ऊन, गर्दी सोसून रोज येणाऱ्याला आणि सत्रभर दांडी मारणाऱ्याला एकाच परीक्षेला बसवणे अन्याय नाही का? परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापन प्रामाणिक असेल, तर रोज येणाऱ्याचा लाभ त्याच्या गुणांत दिसेलच. वर सांगितलेले अभ्यास तेच सांगतात. आणि न येणाराही तेवढेच गुण मिळवत असेल, तर प्रश्न त्या वर्गाला विचारायला हवा. तिसरा आक्षेप शिस्तीचा. डिसेंबर २०१७ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने संशोधक विद्यार्थ्यांसकट सर्वांना ७५ टक्के हजेरी सक्तीची करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा हाच शब्द पुढे होता. पण क्षेत्रकार्यावर किंवा अभिलेखागारात असणाऱ्या संशोधकाकडून रोजची सही मागितली, तर त्याच्या कामाचीच अडचण होते. संशोधकाची शिस्त ठरलेल्या तारखेला दिलेल्या प्रकरणात आणि मार्गदर्शकाशी झालेल्या नियमित चर्चेत दिसते. तीच मागावी.

म्हणून नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी विद्यापीठांनी चार गोष्टी नियमात लिहाव्यात. प्रत्येक विषयाचे ठरलेले तास आणि झालेले तास दर महिन्याला जाहीर व्हावेत, आणि ठरलेल्याच्या ७५ टक्के तास विभागानेच घेतले नसतील तर त्या विषयात कोणत्याही विद्यार्थ्याच्या हजेरीवरून कारवाई होऊ नये. प्रयोगशाळा, स्टुडिओ, चर्चासत्र आणि प्रत्यक्ष सराव यांची हजेरी सक्तीची राहावी, मात्र बुडालेले काम भरून काढण्याची सोय असावी. व्याख्यानांची हजेरी चौथ्या आणि आठव्या आठवड्यात विद्यार्थ्याला कळवून त्याच्याशी बोलावे. तरीही ती कमी राहिली तर जादा काम किंवा मर्यादित गुणकपात असावी, परीक्षेला मज्जाव नसावा. आणि आजारपण, प्रसूती, पूर किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू यांसाठी रजा हा विद्यार्थ्याचा हक्क म्हणून लिहून ठेवावा, म्हणजे तिच्यासाठी कुणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागणार नाहीत. यांतल्या एकाही गोष्टीला नव्या कायद्याची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच शहरातून चाललेल्या राज्याने शिक्षणाची सक्ती करताना तिचा भार आधी स्वतः उचलला होता. आज त्याच महाराजांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाने आणि त्याच्यासारख्या इतरांनी आपल्या तासांचा हिशेब आधी मांडावा, मग विद्यार्थ्यांच्या तासांचा मागावा.