डिझेल व पेट्रोल गाड्यांच्या टाकीचें तोंड

अलीकडच्या काळांत आमच्या नाटे गांवीं व आसपासच्या खेड्यांत शेतकऱ्याच्या अंगणांत यंत्रांची मोठी भर पडली आहे. आंबा वाहून नेणारी डिझेलवरची पिकअप, घरची पेट्रोलवरची मोटार व दुचाकी, गवत कापण्याचें यंत्र, चिखलणीचा पॉवर टिलर, अशीं दोन इंधनांचीं वाहनें व यंत्रें एकाच घरांत नांदूं लागलीं आहेत. अशा घरांत एका इंधनाच्या जागीं दुसरें पडण्याचा संभव वाढतो. या चुकीपासून टाकीचें तोंडच आपलें रक्षण करील, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. आणि जी अर्धी खोटी, तीच अधिक हानिकारक आहे, हें वाचकांच्या नजरेस आणणें हा या लेखाचा हेतु होय.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतों. दोन हंगामांपूर्वीं वैशाखांत आमच्या परिचयाचे एक बागाइतदार हापूसच्या पेट्या घेऊन वाशीच्या बाजारास निघाले. राजापुराहून महामार्गास लागल्यावर रात्रीं ते एका पंपावर थांबले. गाडी डिझेलची, पण पंपावरील मुलानें पेट्रोलची तोटी लावली, व ती विनासायास आंत गेली. चालक पैसे काढण्यांत गुंतला होता. गाडी थोडें अंतर धावली, खडखडली व आडरानांत बंद पडली. दुसरें वाहन मिळेपर्यंत दिवस उजाडला आणि माल एक दिवस उशिरां पोंचला. वैशाखांत पिकूं लागलेल्या आंब्यास एक दिवस म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शिवाय टाकी रिकामी करणें, नळ्या धुणें, गाळणी बदलणें, पंप खोलून पाहणें हा खर्च निराळाच. चूक कोणाची याचा वाद पुष्कळ झाला; परंतु तोटी आंत शिरतांना गाडीनें हरकत कां घेतली नाहीं, हा प्रश्न कोणीच विचारला नाहीं.

त्याचें उत्तर असें. पेट्रोलच्या तोटीची जाडी सुमारें २१ मिलिमीटर असते; डिझेलची साधारणतः २४ ते २५, आणि मालमोटारींसाठीं याहूनहि अधिक. पेट्रोल मोटारीच्या टाकीचा गळा अरुंद असल्यामुळें डिझेलची जाड तोटी त्यांत शिरत नाहीं. उलट डिझेल गाडीचें तोंड रुंद, त्यामुळें पेट्रोलची बारीक तोटी त्यांत सहज जाते. म्हणजे गडगा एकाच बाजूस घातलेला असून दुसरी बाजू मोकळी आहे.

हा गडगा मुळांत डिझेल अडविण्यासाठीं घातलेलाच नव्हता. पूर्वीं पेट्रोलमध्यें शिसें मिसळीत. अमेरिकेंत १९७५ सालच्या मोटारींपासून धूर शुद्ध करणारें उपकरण सर्रास बसूं लागलें, आणि शिशानें तें निकामी होतें. म्हणून बिनशिशाच्या पेट्रोलची तोटी ०.८४ इंचाहून जाड नसावी व शिसेंयुक्ताची ०.९३ इंचाहून बारीक नसावी, असा नियम तेथें झाला. आपल्या देशांत १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या मोटारींसाठीं बिनशिशाचें पेट्रोल आलें व १ फेब्रुवारी २००० पासून शिसेंयुक्त पेट्रोल देशभर बंद झालें. शिसें गेलें, पण अरुंद गळा राहिला. त्याचा लाभ पेट्रोल मोटारीस अनायासें मिळाला. डिझेल गाडीचा विचार झाला नाहीं.

आणि हानि पाहूं गेल्यास ती मोकळ्या बाजूसच अधिक आहे. पेट्रोल मोटारींत डिझेल पडलें तर धूर होतो व यंत्र बंद पडतें, परंतु बहुधा साफसफाईनें काम भागतें. डिझेल मात्र नुसतें जळत नाहीं, तें पंपास वंगणहि पुरवितें. पेट्रोल तें वंगण धुऊन टाकतें. धातूवर धातू घासून त्याचा कीस इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांत जातो. ‘थोडें पडलें तर चालतें’ असें जुने चालक म्हणतात. जुन्या साध्या इंजिनांविषयीं तें कदाचित् खरें असेल. आजच्या अतिदाबाच्या डिझेल इंजिनाविषयीं तो भरंवसा धरूं नये.

यावर उपाय काय? आमचें आयुष्य महसुली कारकुनींत गेलें. तेथें नोंद कितीहि स्वच्छ असली तरी चावडीवर वाचून दाखविण्याची पद्धत आहे. कारण डोळ्यांतून निसटलेली चूक कानांस सांपडते. तोच नियम पंपावर पाळावा. गाडींतून उतरून ‘डिझेल’ असें मोठ्यानें सांगावें, व पंपावरील माणसाकडून तें वदवून घेऊन मगच झांकण उघडूं द्यावें. झांकणावर इंधनाचें नांव ठळक मराठी अक्षरांनीं रंगवावें. तोटीच्या रंगावर विसंबूं नये. युरोपांत हिरवा रंग पेट्रोलचा, तर अमेरिकेंत तोच बहुधा डिझेलचा. घरच्या डब्यांस अरुंद गळा नसतो. म्हणून ते वेगवेगळे ठेवून त्यांवरहि नांव घालावें. कांहीं नव्या डिझेल गाड्यांस निळ्या झांकणाचें आणखी एक तोंड असतें. तें धूरशुद्धीच्या द्रवाचें. तो द्रव डिझेलच्या टाकींत कदापि घालूं नये. चूक लक्षांत येतांच किल्ली फिरवूं नये, गाडी ढकलून बाजूस न्यावी. काढलेलें मिश्रण पेट्रोलइतकेंच भडकणारें समजून चुलीपासून दूर ठेवावें.

परंतु सर्व भार शेतकऱ्याच्या सावधपणावर टाकणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. जाड तोटी लागल्यावरच उघडेल अशी झडप डिझेल टाकीच्या तोंडाशीं बसवितां येते, आणि परदेशांत कांहीं मोटारींस ती बसविलेली आहे. मग शेतमाल वाहणाऱ्या गाडीसच ती कां नसावी? गाडी खरेदी करतांना प्रत्येकानें ती मागावी, व शेतकऱ्यांच्या संस्थांनीं ही मागणी एकमुखानें कारखानदारांपुढें मांडावी, अशी आमची विनंति आहे. हंगाम उभा राहण्यापूर्वीं निदान झांकणावर नांव घालण्याचें काम तरी वाचकांनीं उरकून घ्यावें.