कराचीच्या पाट्या अरबीत का?

बंदुकीच्या मोबाईल गेमबद्दल आपल्या मोहल्ल्यात दोनच मतं ऐकू येतात. मोठ्यांचं मत: 'हराम आहे, फोन काढून घ्या.' पोरांचं मत: 'खेळच तर आहे, सर.' मला दोन्ही अपुरी वाटतात.

आमच्या वारंगा फाट्यावर खिचडीची प्लेट येईपर्यंत पोरं मोबाईल आडवा धरून बसलेली दिसतात. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीसह ११८ ॲप बंद केले. कारण देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती हे होतं, हिंसा नव्हे. पुढच्याच वर्षी तोच खेळ नवं नाव घेऊन परत आला. तेव्हा बंदीवर फार भरवसा ठेवू नये.

हेरगिरीच्या खेळांचं थोडं वेगळं आहे. २००० साली नॉर्वेतल्या कंपनीने बनवलेला 'आयजीआय' आपल्याकडच्या सायबर कॅफेत खूप चालला. त्यात धावत सुटलात की मेलात. दुर्बिणीतून पहारेकरी मोजायचे, कॅमेरे बंद करायचे, भोंगा वाजू द्यायचा नाही. मोहीम अर्ध्यावर सेव्ह करायची सोय नाही. मेलात की पहिल्यापासून सुरुवात. सबर शिकवणारा खेळ होता, हे कबूल केलं पाहिजे.

मग अडचण कुठे आहे? बंदुकीच्या समोर कोण उभा आहे, तिथे. २००३ च्या दुसऱ्या भागात मोहिमा होत्या रशिया, लिबिया आणि चीनमध्ये. हेर मात्र ब्रिटिश. दुसऱ्याच्या मुलखात चोरून शिरणारा तो नायक, आणि आपल्या दारात पहारा देणारा तो शत्रू.

२००९ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' मध्ये कराचीचा एक नकाशा आहे. त्यातल्या दुकानांच्या पाट्या अरबीत आहेत! मी उर्दू शिकवतो, म्हणून हे जास्त खटकतं. अरबी वर्णमालेत 'च' साठी अक्षरच नाही. 'कराची' हे नावसुद्धा अरबीत सरळ लिहिता येत नाही. कोट्यवधींच्या खेळात प्रत्येक बंदुकीचा खटका हुबेहूब, पण त्या शहराची भाषा कोणती, हे कुणी विचारलं नाही. त्याच खेळाच्या दुसऱ्या एका नकाशात बाथरूमच्या भिंतीवर धार्मिक मजकुराची चौकट होती. मुस्लीम खेळाडूंनी आवाज उठवल्यावर २०१२ मध्ये कंपनीने तो नकाशा काढून घेऊन दुरुस्त केला. म्हणजे नीट बोट दाखवलं तर ऐकलं जातं. पण बोट दाखवायला आधी वाचता यायला हवं.

'जासूस' हा शब्द अरबीतून आला. त्याच धातूचा 'तजस्सुस' सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत येतो. तिथे दुसऱ्याच्या खासगी गोष्टी हुडकायला मनाई आहे आणि त्याआधी संशयापासून दूर राहायला सांगितलं आहे. क्रम ध्यानात घ्या: आधी संशय, मग हेरगिरी. हे खेळ संशयाचाच सराव देतात. दाढी दिसली, ओळखीची नसलेली लिपी दिसली की बोट खटक्यावर. ज्या पोराच्या अब्बूंना तशीच दाढी आहे, तोही तिथे नेम धरून बसतो. उद्या प्रवासात कुणी त्याच्याकडे त्याच नजरेनं पाहिलं, तर ती नजर कुठे घडली हे त्याला कळायला नको?

म्हणून अम्मी-अब्बूंना आणि माझ्या शिक्षक मित्रांना एवढंच सांगणं आहे: फोन हिसकावण्याआधी पोराशेजारी दहा मिनिटं बसा. त्याला विचारा, हा कुणाचा मुलूख? शत्रू कोणी ठरवला? भिंतीवर काय लिहिलंय, ते वाच पाहू. हे प्रश्न हिंदू पोरालाही विचारा, मुस्लीम पोरालाही. आणि ज्याला कोडिंगची आवड आहे, त्याला सांगा: पुढचा नकाशा तू बनव, आणि पाट्या बरोबर लिही.