राजकारणाची बैठक वेगळी असावी

आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक अलिखित दंडक वर्षानुवर्षे पाळला जातो : राजकारण सोडून काहीही बोलावे. दंडकामागचा हेतू चांगलाच आहे. एका पंगतीत जेवलेली, एका घंटेवर उठलेली, सायंकाळी एका सुरात त्रिसरण-पंचशील म्हटलेली मुले पुढे नाना पक्षांत गेली. कोणी रिपब्लिकन पक्षाच्या या ना त्या गटात, कोणी वंचितमध्ये, कोणी काँग्रेस वा राष्ट्रवादीत, कोणी लाल बावट्याखाली, तर कोणी भाजपत. निवडणुकीच्या हंगामात यांतल्या कित्येकांचे परस्परांशी बोलणे बंद होते. तेव्हा निदान शाळेच्या अंगणात तरी हे वारे नको, असे ज्येष्ठांना वाटते. तरीही हा दंडक बदलावा, असे माझे मत आहे. राजकारणाला मेळाव्यात मोकाट सोडावे असे मी म्हणत नाही. त्याला स्वतंत्र बैठक द्यावी, स्वतंत्र वेळ द्यावी आणि त्या बैठकीला नियम घालून द्यावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

बंदी घातल्याने राजकीय चर्चा थांबलेली नाही, हे कोणीही मान्य करील. ती मंडपामागे, चहाच्या टपरीवर, लावलेल्या मोटारसायकलींपाशी चालतच असते. फरक इतकाच की तेथे प्रत्येक जण आपल्याच मताच्या चौघांशी बोलतो. आपल्या बाजूचा दुबळा मुद्दा खोडून काढणारा माणूस पाच हातांवर मंडपात बसलेला असतो, पण त्याच्यापर्यंत तो मुद्दा पोहोचत नाही.

या सूचनेवर सर्वांत वजनदार आक्षेप धम्माच्या बाजूने येतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. तथागतांनी भिक्खूंना ज्या निरर्थक गप्पांपासून दूर राहण्यास सांगितले, त्यांत राजकथा, महामात्यकथा, सेनाकथा यांचा उल्लेख आहे. मग धम्माच्या पायावर उभ्या असलेल्या संस्थेने राजकथेला बैठक का द्यावी? उत्तर त्रिपिटकातच सापडते. हा नियम भिक्खूंसाठी आहे, आणि त्याचा रोख वेळ दवडणाऱ्या गप्पांवर आहे. राज्य कसे चालावे या विचाराला तथागतांनी कधी अस्पृश्य मानले नाही. मगधाचा मंत्री वस्सकार वज्जींवर स्वारी करण्याचा बेत घेऊन आला, तेव्हा तथागतांनी आनंदाला पहिला प्रश्न विचारला तो हा, की वज्जी वारंवार सभा भरवतात काय. एकत्र जमतात काय, एकदिलाने उठतात काय, हा दुसरा. जोवर ते असे वागतील तोवर त्यांची हानी होणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. आपण तर उपासक आहोत, गृहस्थ आहोत, मतदार आहोत.

त्या गणराज्यांत सभेसाठी निराळी वास्तू असे. पाली साहित्यात तिला संथागार म्हटले आहे. शाक्यांचे संथागार होते, मल्लांचे होते. कुटुंबाचे कार्य घरात, उपासना तिच्या ठिकाणी, आणि राज्याचा प्रश्न संथागारात. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण आहे, ते याच सभेत घडले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात मारामारी झाली. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला आणि उपसूचना आणली : दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. मतदान झाले आणि सिद्धार्थ फार मोठ्या बहुमताने हरला. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वर्षांच्या पुरुषांच्या सक्तीच्या सैन्यभरतीचा ठराव आला, तेव्हा त्याने भरती होण्यास नकार दिला. कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्ती नको म्हणून परिव्रज्या पत्करली. ही कथा आपण जयंतीला सांगतो. तिच्यातील एक बारकावा मात्र सहसा सुटतो. सिद्धार्थाला आपले अल्पमत उभे राहून मांडता आले, ते नोंदले गेले, त्याच्यावर मते पडली. कारण मत मांडण्याची जागा ठरलेली होती.

नदीच्या पाण्याची गोष्ट अकोल्याला नवी नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. निळवंड्याच्या प्रकल्पाला १९७० मध्ये मंजुरी मिळाली आणि कालव्यांतून पाणी वाहिले ते २०२३ मध्ये. जमिनी बुडाल्या अकोल्याच्या. कालव्याकडे डोळे लावून बसले संगमनेर, राहाता, सिन्नरकडचे कोरडवाहू शेतकरी. आणि समन्यायी वाटपाच्या २००५ च्या कायद्याने तुटीच्या वर्षी जायकवाडीचाही हक्क उभा राहतो. आपल्या शाळेच्या एकाच वर्गात धरणग्रस्ताचा मुलगा आणि कालव्याखालच्या शेतकऱ्याचा मुलगा शेजारी बसून शिकले आहेत. मेळाव्यात ते गळाभेट घेतात, जुन्या शिक्षकांच्या आठवणी काढतात, आणि ज्या प्रश्नावर त्यांनी एकमेकांशी बोलायला हवे त्याविषयी अवाक्षर काढत नाहीत. या मौनाला मी बंधुभाव म्हणणार नाही.

बाबासाहेबांनी संस्था कशा उभारल्या, हेही येथे पाहण्यासारखे आहे. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा शिक्षणासाठी, वसतिगृहांसाठी आणि गाऱ्हाणी मांडण्यासाठी होती. निवडणुकीची वेळ आली तेव्हा १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा. प्रत्येक कामाला त्याचे घर. आणि १९५६ मध्ये, प्रकृती खालावलेली असताना, त्यांनी मुंबईत ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स’ सुरू केले. राजकारणात येऊ पाहणाऱ्याने आधी अभ्यास करावा, यासाठीची ही वेगळी शाळा. त्याच डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि एका तुकडीनंतर ती शाळाही बंद पडली. आपण त्यांचे पुतळे पुष्कळ उभे केले. त्या शाळेचे पुढे काय झाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

वेगळ्या बैठकीत एक धोका आहे आणि तो मला आक्षेपकांपेक्षा अधिक खुपतो. ‘हे राजकारण आहे, ते तिकडे बोला’ असे म्हणून नको असलेला प्रत्येक विषय हाकलून देण्याची सोय होऊ शकते. याच जिल्ह्यात २०१३ मध्ये सोनई आणि २०१४ मध्ये खर्डा येथे जे घडले, त्याचा निषेध राजकारणात मोडतो काय? माझ्या मते नाही. तो मुख्य सभेत, सर्वांनी उभे राहून झाला पाहिजे. बोधगयेच्या महाविहाराचे व्यवस्थापन १९४९ च्या कायद्याने अद्याप पूर्णतः बौद्धांच्या हाती नाही, हा विषयही मुख्य सभेचाच. वसतिगृहातील मुलाच्या ताटाचा आणि शिष्यवृत्तीचा प्रश्नही तसाच. उमेदवार, पक्ष, युती, कोणाला मत द्यावे, हे सारे वेगळ्या बैठकीत जावे. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी मान्यता दिली, त्यावर आपल्यातच तीव्र मतभेद आहेत. तो विषय पंगतीत चार वाक्यांत उरकण्याजोगा नाही. त्याला सबंध दुपार द्यावी.

नियम फार नकोत. बैठक संस्थेच्या आवारात नको, म्हणजे शाळेचे नाव कोणत्याही पक्षाला चिकटणार नाही. शाळेला देणगी देणारे हात सर्व पक्षांतले आहेत. पाठिंब्याचा ठराव कधीही होऊ नये. अध्यक्ष दर वेळी बदलावा. त्या दिवशी त्याने स्वतःचे मत मांडू नये, ही अट त्याला जड जाईल, पण ती हवीच. बोलण्याची सुरुवात बहिणींनी करावी. त्या मागच्या रांगेत बसतात आणि वेळ संपल्यावर त्यांची पाळी येते, हे आता पुरे झाले. कोसंबीच्या भिक्खूंचे भांडण शौचकूपातल्या उरलेल्या पाण्यावरून सुरू झाले आणि तथागतांनाही आवरेना. ते पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले, तेव्हा उपासकांनी भिक्षा बंद करून भिक्खूंना ताळ्यावर आणले. तशी वेळ आली तर आपल्या बैठकीचा चहा बंद करण्याचा अधिकार मी स्वयंपाकघराकडे देईन.

मतभेदाने घर मोडते, अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी अकोल्याचेच दादासाहेब रुपवते आठवावेत. रिपब्लिकन चळवळीत घडलेला हा माणूस पुढे काँग्रेसच्या मंत्रिमंडळात मंत्री झाला. त्यावर तेव्हाही दोन मते होती, आजही आहेत. पण बहुजन शिक्षण संघाच्या वसतिगृहांतून शिकून गेलेल्या मुलांची ताटे त्या वादामुळे रिकामी राहिली नाहीत.

विद्यार्थ्यांना या बैठकीत घ्यावे की नाही, यावर समितीत नक्कीच खल होईल. शाळकरी मुलांना घेऊ नये. अठरा वर्षे पुरी झालेल्या, मतदार यादीत नाव आलेल्या मुलामुलींना मात्र पहिल्याच बैठकीला बोलवावे. त्या बैठकीचा विषय निळवंड्याचे पाणी हा ठेवावा आणि धरणाच्या वरचा एक व खालचा एक, असे दोघे वक्ते आपल्याच जुन्या वर्गांतून निवडावेत.