पळणं आपल्याला शोभत नाही, म्हणे!



गेल्या आठवड्यात मंदिराच्या पायरीवर एकीने मला अडवलं. "काकू, तुम्ही सकाळी रस्त्यावरून पळता म्हणे? या वयात शोभतं का? आणि पायाखाली किती जीव जातात, त्याचं काय?" मी हसून आत गेले. पण उत्तर द्यायला हवं होतं. ते आज देते.

आधी जीवांचं, कारण तो प्रश्न खरा आहे. ईर्यासमिती काय सांगते? उजेडात, रुळलेल्या वाटेने, पुढची चार हात जमीन पाहत चालावं. हे व्रत मुनींचं, पण त्याची आठवण आपण ठेवू शकतो. म्हणून मी उजाडल्याशिवाय निघत नाही, गवतात पाय घालत नाही आणि जमीन दिसेल इतक्याच वेगाने पळते. चातुर्मासात मुनीही विहार थांबवतात, तेव्हा मी इमारतीच्या पार्किंगमध्येच फेऱ्या मारते. आता माझा प्रश्न. दहा मिनिटांच्या अंतरावरच्या मंदिरात आपण गाडीने जातो, तेव्हा चाकाखाली कोणी येत नाही का? गाडीला हे कुणी विचारत नाही. पळणाऱ्या बाईला मात्र सगळे विचारतात.

हिंसेबद्दल आणखी एक सांगते, आणि हे सांगताना मला लाज वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही सम्मेदशिखरजीला गेलो. चढण, वंदना आणि उतरण मिळून २७ किलोमीटर. दोन किलोमीटरमध्येच माझे गुडघे बोलू लागले आणि मी डोलीत बसले. पुढचा डोलीवाला माझ्या मुलाच्या वयाचा, माझ्या निम्म्या वजनाचा. त्याच्या खांद्यावरचा वळ मला सबंध वाटेवर दिसत होता. जिथून २० तीर्थंकर मोक्षाला गेले, त्या डोंगरावर मी माझा आळस दुसऱ्याच्या खांद्यावर लादून गेले. जी खरोखर आजारी आहे, तिची गोष्ट वेगळी. मी आजारी नव्हते. मी तीस वर्षं फक्त बसून होते.

"घरकाम करतो, तोच व्यायाम." हे वाक्य मीही खूप वर्षं म्हटलं. पण भाजी निवडताना कधी श्वास फुलतो का? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं श्वास थोडा वाढेल अशी हालचाल सांगते, आणि ६५ च्या पुढच्यांनाही तेच सांगते. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्याने ठिसूळ होत जातात. नुसतं दूध पिऊन ती टिकत नाहीत, पायांवर भार पडावा लागतो. मी कॉमर्सची पदवीधर, म्हणून हिशोबाच्या भाषेत सांगते. यंत्र कोपऱ्यात पडून असलं तरी त्याचा घसारा थांबत नाही. शरीराचंही तसंच आहे.

"वेळ कुठे मिळतो?" एका सामायिकाचा वेळ ४८ मिनिटं. मला तेवढाच लागतो.

पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता वेगळा होतो, जेएनपीटीचे कंटेनर रात्रंदिवस धडधडत असतात. त्या रस्त्यावर मी पळत नाही, तुम्हीही पळू नका. गावाच्या अंगाला वळलं की पाचच मिनिटांत तो आवाज मागे पडतो. दयाळ पक्षी शीळ घालत असतो, तारेवर कोतवाल बसलेला असतो. थंडीत हवा स्वच्छ असली तर कर्नाळ्याचा सुळका दिसतो. माघ-फाल्गुनात पळस पेटतो. कानात मी गाणी घालत नाही, स्तवनंसुद्धा नाही. थोडं पळते, थोडं चालते, श्वास मोजते. नऊ वेळा णमोकार, सत्तावीस श्वासोच्छ्वास, हे कायोत्सर्गाचं गणित आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. ते खरं कळलं मला या वाटेवर, परत फिरताना उभी राहून श्वास शांत होऊ देते तेव्हा. आदल्या दिवशी सुनेला बोललेला टोचरा शब्द तिथेच आठवतो, आणि घरी येऊन 'चुकलं माझं' म्हणणं सोपं जातं. देवघरात डोळे मिटून बसले की मला उद्याची भाजी आठवते. इथे माझी मी आठवते.

राहिलं 'शोभणं'. साठीच्या बाईने लग्नात नाचलेलं शोभतं, गुडघे धरून जिना उतरलेलं शोभतं, मग पंजाबी ड्रेस आणि बूट घालून पळलेलंच का शोभू नये? ज्यांना शोभत नाही, ते उद्या आपली पाठ शेकायला येणार नाहीत.

बीपी, शुगर किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिला महिना नुसतं चाला. एकटीला संकोच वाटला तर जावेला, शेजारणीला बरोबर घ्या. पुढच्या वेळी शिखरजीला मी चालत चढणार आहे. दमले तर वाटेत बसेन, पण कुणाच्या खांद्यावर नाही.