सातबारा कागदावरून उतरला. आता तो टिकवायचा कसा?

पुणे-नगर महामार्गावरील सुपा या पारनेर तालुक्यातील गावाचा चेहरामोहरा औद्योगिक वसाहतीने पालटून टाकला. कोरडवाहू शिवाराला उद्योगाचा भाव आला की सातबाऱ्यावरील एकेका ओळीचे मोल वाढते. भावाभावांतील वाटणी, बँकेचा बोजा, भूसंपादनाचा मोबदला या साऱ्यांत त्या ओळीचाच आधार घ्यावा लागतो. १ मे २०१८ पासून राज्य सरकारने डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उपलब्ध करून दिला. त्यामुळे हेलपाटे वाचले, हे मान्यच करायला हवे. मात्र तलाठ्याच्या दप्तरातून निघालेली ही नोंद आता नेमकी कोठे आणि किती काळ टिकणार, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला तरी मुळात हक्काचा आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला शून्य आणि एक एवढेच कळते. आज प्रचलित असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘सुपा’ हा शब्द चार चिन्हांचा, म्हणजे १२ बाइटचा किंवा ९६ बिटचा होतो. कर्मचाऱ्याने टंकलेली नोंद प्रथम रॅम या तात्पुरत्या मेमरीत जाते. तेथे प्रत्येक बिट म्हणजे अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युतभार असतो. तो सतत गळत असल्याने साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की तो संपतो. भारनियमनाचे दिवस पाहिलेल्यांना ‘सेव्ह’ न केलेल्या कामाची हळहळ वेगळी सांगायला नको.

कायमस्वरूपी साठवण त्याहून भक्कम असली, तरी चिरंतन नाही. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरील चुंबकीय कणांच्या दिशेने शून्य-एक नोंदले जातात. तिचे यांत्रिक भाग झिजतात. पेन ड्राइव्ह व सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉन विद्युतरोधक आवरणाआड कोंडलेले असतात. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास तेही हळूहळू निसटतात. जुना कागद पिवळा पडतो, कडा झिजतात आणि डोळ्यांना इशारा मिळतो. डिस्क मात्र अनेकदा पूर्वसूचना न देताच बंद पडते.

सुप्यापासून जवळच असलेले राळेगणसिद्धी हे माहितीच्या अधिकारासाठी लढणाऱ्या अण्णा हजारे यांचे गाव. या लढ्याला २००५ च्या केंद्रीय कायद्यात मूर्त रूप आले. त्याच्या कलम ४ मध्ये अभिलेख सूचिबद्ध ठेवण्याची आणि योग्य ते अभिलेख संगणकीकृत करण्याची जबाबदारी सार्वजनिक प्राधिकरणांवर टाकली आहे. कलम २ मध्ये नागरिकाला माहिती फ्लॉपी, टेप, व्हिडिओ कॅसेट आदी स्वरूपांत मिळवण्याचा हक्क दिला आहे. जेमतेम १.४४ मेगाबाइट सामावणाऱ्या फ्लॉपीचे उत्पादन सोनी कंपनीने २०११ मध्ये थांबवले. आज ती वाचणारे यंत्र शोधूनही सापडणे अवघड आहे. सुदैवाने कायदेकर्त्यांनी ‘अन्य कोणत्याही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने’ अशी सोय ठेवली, म्हणून हक्क फ्लॉपीबरोबर बुडाला नाही.

साधन जिवंत असले तरी मजकूर वाचता येईलच असे नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटच्या निरनिराळ्या सांकेतिक मांडणीत साठवला जाई. तो विशिष्ट फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते. म्हणजे बिट शाबूत राहतात, पण अर्थ हरवतो.

डिजिटल स्वाक्षरीबाबतही गैरसमज नको. एक बिट जरी बदलला तरी स्वाक्षरी जुळत नाही, त्यामुळे फेरफार उघड होतो. मात्र नोंद मुळातच चुकीची भरली गेली असेल, तर स्वाक्षरी ती चूक दुरुस्त करत नाही. आणि हरवलेली नोंद परतही आणत नाही.

त्यासाठी सरकारने किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दूरच्या ठिकाणी, हे संगणकक्षेत्रात रूढ असलेले पथ्य पाळायला हवे. प्रती उघडून पाहण्याचे व ठरावीक वर्षांनी नव्या साधनांवर नेण्याचे वेळापत्रक जाहीर व्हायला हवे. मूळ हस्तलिखित दप्तरे तर कोणत्याही सबबीखाली रद्दीत जाता कामा नयेत. संगणकीकरण हे एकदा उरकायचे काम नसून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायची जबाबदारी आहे. तिच्यासाठी दरवर्षी पैसा आणि माणसे दिली नाहीत, तर उद्याच्या शेतकऱ्याच्या हाती पासवर्ड असेल, पण पुरावा नसेल.