ऑरगॅनिक पाठ करायचं नसतं

परवा नात क्लासहून आली, दप्तर कॉटवर टाकलं आणि म्हणाली, "आजी, ऑरगॅनिक मी ऑप्शनला टाकणार." बारावीचं वर्ष. पुढे फार्मसीला जायचं हे तिचं आठवीपासूनचं ठरलेलं. फार्मसीला जाणारीने ऑरगॅनिक सोडायचं म्हणजे आचाऱ्याने फोडणी सोडायची!

तिच्या खोलीत भिंतीवर एक मोठा तक्ता लावलाय. सँडमायर, फिंकेलस्टाईन, रायमर-टीमन, कॅनिझारो.. शेजारी बाणाच्या एका बाजूला एक पदार्थ, दुसऱ्या बाजूला दुसरा. बाणाच्या पोटात नेमकं काय घडलं याबद्दल अवाक्षर नाही. क्लासच्या सरांनी सांगितलंय म्हणे, "फिजिक्स समजून घ्या, ऑरगॅनिक पाठ करा."

मंडळी, माझा राग या एका वाक्यावर आहे.

मी मराठीची शिक्षिका, बी.ए. झालेली. रसायनाशी माझा संबंध शाळेपुरता, आणि तेव्हा या विषयाला 'सेंद्रिय रसायन' म्हणत. (हल्लीच्या पुस्तकात 'कार्बनी' असतं. ते बरंच झालं, कारण 'सेंद्रिय' म्हटलं की आता गूळ आठवतो. गंमत अशी की सजीवांच्या शरीराबाहेर हे पदार्थ बनू शकत नाहीत ही जुनी समजूत डळमळली ती व्होलरने 1828 मध्ये प्रयोगशाळेत बनवलेल्या युरियामुळे, आणि आजच्या सेंद्रिय शेतीत नेमका तोच युरिया वर्ज्य!) असो. सांगायचं एवढंच की नातीच्या पुस्तकात मी डोकं घातलं ते एका अडाण्याच्या धीटपणाने. आठ-दहा दिवस आम्ही दोघी रात्री जेवणं झाल्यावर बसलो.

पहिली अडचण मार्कोव्हनिकॉव्हची. प्रोपीन नावाचा तीन कार्बनचा पदार्थ, त्यात एक दुहेरी बंध. त्यावर हायड्रोजन ब्रोमाईड आलं की हायड्रोजन कोणत्या कार्बनला जाणार आणि ब्रोमीन कोणत्या? नातीने पोपटासारखं सांगितलं, "ज्याच्याकडे हायड्रोजन जास्त, त्यालाच आणखी मिळतो." म्हणजे टोकाच्याला हायड्रोजन, मधल्याला ब्रोमीन. का? "नियम आहे." आणि पेरॉक्साईड घातलं तर? "मग उलटं." का? "तो दुसरा नियम आहे." दोन नियम, दोन चौकटी, दोन्ही पाठ. परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांत मिसळायला अगदी तयार.

आता पुस्तकातच पुढे बारीक अक्षरांत काय आहे ते बघा. दुहेरी बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची गर्दी. तिथे आधी पोचतो तो धनभाराचा हायड्रोजन, कारण त्याला इलेक्ट्रॉन हवे असतात. तो एका कार्बनला चिकटला की दुसऱ्या कार्बनवर तूट येते. ही तूट मधल्या कार्बनला जास्त सोसते, कारण त्याला दोन्ही बाजूंना कार्बनचे शेजारी आहेत आणि ते आपले इलेक्ट्रॉन थोडे त्याच्याकडे सरकवून भार वाटून घेतात. टोकाच्याला शेजारी एकच. घरावर अडचण आली तर माहेर-सासर दोन्ही धड असलेली बाई तरते, तसंच हे. म्हणून हायड्रोजन टोकाला जातो, तूट मधे राहते आणि मागून येणारं ब्रोमीन ती भरून काढतं.

पेरॉक्साईड घातल्यावर फरक एवढाच की पहिला पाहुणा बदलतो. त्याच्यामुळे ब्रोमीनचा सुटा अणू तयार होतो आणि आधी तोच पोचतो. तोही टोकालाच चिकटतो, कारण अपुरेपणा याही वेळी मधल्यालाच जास्त सोसतो. मग हायड्रोजन मधे. म्हणजे 'उलटं' काहीच झालेलं नाही! कारण एकच, फक्त आधी कोण आला ते बदललं. हे उमगलं तेव्हा नात माझ्याकडे बघतच राहिली. खरं सांगायचं तर मीही.

मार्कोव्हनिकॉव्हने आपला नियम 1870 मध्ये मांडला. इलेक्ट्रॉनचा शोध थॉमसनने लावला 1897 मध्ये. म्हणजे त्या बिचाऱ्याला कारण कळणं शक्यच नव्हतं, जे दिसलं ते त्याने नियम करून लिहून ठेवलं. त्याचं अज्ञान नाइलाजाचं होतं. आपण मात्र कारण पुस्तकात छापलेलं असताना मुलांना आग्रहाने 1870 सालात बसवून ठेवतो, आणि वर त्याची फी घेतो.

यावर उत्तर ठरलेलं आहे : वेळ नाही. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून दीड तासात 100 प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. तिथे कुठे विचार करत बसणार? पण 54 सेकंदांत शंभर चौकटींच्या तक्त्यातली नेमकी चौकट आठवणं सोपं, की इलेक्ट्रॉन कुठे जास्त आणि कुठे कमी हे बघणं सोपं? पाठांतराची गरज नाही असं मी म्हणत नाही. क्रियात्मक गट, नावं, काही अभिकर्मकं पाठच हवीत, पाढ्यांसारखी. पण पाढे म्हणजे गणित नव्हे.

दुसरं उत्तर मला घरातूनच मिळालं. मुलगा म्हणाला, "आई, तू तरी काय वेगळं केलंस?" लागलं, पण खोटं नाही. समास शिकवताना द्विगूला पंचवटी, नवरात्र हीच उदाहरणं मी वर्षानुवर्षं घोकून घेतली. पेपरात नवा शब्द आला की वर्ग गप्प. मार्क पडत होते म्हणून माझं भागत होतं. तेव्हा हा राग थोडा माझ्यावरही आहे.

आणि ज्यांना हा विषय कोरडा वाटतो त्यांना मी वाल्या कोळ्याची आठवण देईन. तो 'मरा मरा' म्हणत बसला आणि त्याचं 'राम राम' झालं. अक्षरं तीच, जोडणी वेगळी. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन घ्या. एका तऱ्हेने जोडले तर अल्कोहोल, 78 अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव. ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मधे घातला तर ईथर, उणे 24 अंशालाच उकळणारा, म्हणजे आपल्या घरात वायूच. हे पहिल्या तासाला सांगितलं तर कोणती मुलगी ऑप्शनला टाकेल?

नातीने अजून ठरवलेलं नाही. तक्ता भिंतीवरच आहे. पण काल बघितलं तर त्यातल्या सात-आठ बाणांखाली तिने पेन्सिलीने छोटे वळलेले बाण काढलेत, इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेला ते दाखवणारे. कॅनिझारोपाशी प्रश्नचिन्ह आहे. आज रात्री तिथून.